सागवानी घर, चारी बाजूंनी वारा

रावेत
ता. १८ जानेवारी १९५७

वन्संना अंबूबाईचा नमस्कार.

तुमचा तिळगूळ पोचला. दात नाहीत तरी चावला. संक्रांत होऊन गेली, आता गोड बोलायचं बंधन नाही, म्हणून लिहायला बसले.

परवा सकाळी मी काठावर डब्यात डांबर तापवत होते. नात इंद्रायणी नावेच्या छपरावर गोधडी वाळत घालत होती. चिंचवड टेसनाकडून एक टांगा आला अन् त्यातनं एक म्हातारा उतरला. पांढरा पटका, हातात काठी, मिशा अशा की दोन्हीकडं लिंबू ठेवावं. इकडं बघतो, तिकडं बघतो. मग मला म्हणतो, "बाई, अंबूबाई नावाडणीचं घर कुठशी हाय?"

"तुमच्या म्होरं."

"म्होरं तर नदी हाय."

"नदीच्या अलीकडं काय हाय?"

"नाव हाय."

"मग झालं की."

म्हातारा काठीनं मिशी खाजवून म्हणाला, "आमी खेडचे दौलतराव. आमच्या नातवासाठी पोरगी बघतोय. आमाला सांगितलं, सागवानी घर हाय. नदीकाठी. चारी बाजूंनी वारा, अंगणात पाण्याला तोटा न्हाई."

वन्सं, हे ऐकलं अन् मला कळलं ही जीभ कुणाची. चाकणात कांद्याच्या वखारीत बसून तुम्ही माझ्या नातीची सोयरीक जमवता अन् मला कळवत नाही! केस विंचरायला तरी वेळ द्यायचा. माझ्या हाताला डांबर, पोरीच्या पदराला चिंधी.

फळी टाकायची की नाही, याचा मी जरा विचार केला. तुम्हाला माहीत आहे, आमच्याकडं दार लावत नाहीत. काठावरची फळी आत ओढली की घर बंद. पण माणूस वयानं मोठा, टाकली. तो काठीसकट आत आला, बसला, अन् विचारायला लागला, नावेत घर कसं? मी म्हटलं, आधी ही माणसं-गाड्या पलीकडं न्यायची नाव होती. माझे सासरे अन् मालक दोघांनी या नावेतनं दोन दोन बैलगाड्या, बैल न सोडता, पलीकडं नेल्या. मग पूल झाला. पुलावरनं फुकट जाता येतं म्हटल्यावर नावेत कोण बसतंय? मालक त्याच साली गेले. लेक-सून पटकीत गेली, ही पोर राहिली. मग पूर आला अन् काठावरचं खोपटं घेऊन गेला. नाव तेवढी राहिली. म्हटलं, जे पुरात राहतं तेच घर. वर बांबूचं छप्पर केलं, एका कोपऱ्यात माती टाकून चूल मांडली. झाली सात वर्षं.

"तुमी बी कोळीच ना?" मी विचारलं.

"व्हतो," म्हणतो. "आता बागाईतदार हाय."

इंद्रायणीनं चहा दिला. तेवढ्यात धोब्याचा रेडा पाण्यात शिरला, लाट आली, नाव हलली, अन् कपबशी यांच्या मांडीवरनं सरळ चुलीपर्यंत गेली.

"हे हलतं व्हय?"

"नदी हाय, पाटलाचा ओटा न्हाई."

उठून गेले. पोरगी चांगली की वाईट, एक शब्द नाही. इंद्रायणी बशीचे तुकडे गोळा करत हसत होती. आता ही सोयरीक बुडाली तर ती तुमच्या तोंडानं बुडाली, एवढंच कळवते.

अंबूबाई

——

चाकण
ता. २९ जानेवारी १९५७

अंबूस आक्काबाईचा आशीर्वाद.

तुझं पत्र शालननं वाचून दाखवलं. लिहितेही तीच. माझी सून सातवी शिकली आहे, तेव्हा अक्षर बघून मी शाळेत जायला लागले असं समजू नकोस.

मी खोटं काय बोलले ते सांग. घर सागवानी आहे की नाही? नदीकाठी आहे की नाही? वारा चारी बाजूंनी आहे की नाही? हलतं का, हे त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तुझ्या लग्नात तुझ्या बापानं तरी तुझ्या जिभेबद्दल कुठं सांगितलं होतं?

आता ऐक. दौलतराव इथं बाजाराला आले होते. सोयरीक बुडालेली नाही. त्यांचा नातू ज्योतीराम पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात आहे. आठवडाभर नदीपलीकडं ओळखीच्यांकडं राहतो, रोज सायकलवरनं पुलावरनं जातो अन् रोज खाली बघतो. नावेत एक पोरगी कपडे वाळत घालते, तीच पाहिजे म्हणून घरात सांगून बसलाय. म्हातारा म्हणतो, "पोरगी नाकारायला जागा न्हाई. घराला हाय."

त्याचं म्हणणं असं. लग्नात नवरीच्या घरात देवक बसतं. एकदा बसलं की लग्न उरकून उठवेपर्यंत ते हलवायचं नाही. तुझ्या घरात देवक रोज दहा वेळा आपोआप हलणार. "हलत्या देवकाचं लगीन हलतं," म्हणतो. दुसऱ्याच्या घरात देवक बसवू म्हटलं तर म्हणतो, "भाड्याचं देवक आमी ऐकलं न्हाई." म्हणून त्याची एकच अट. नाव पाण्यातनं वर काढायची, जमिनीवर पक्की ठेवायची, मग तिच्यात देवक बसवायचं, दारात मांडव घालायचा. वैशाखातला मुहूर्त धरतो म्हणाला.

मला विचारशील तर बरंच झालं. ते फळकूट किती दिवस सांभाळणार? नाव माझ्या बापाची असली तरी लाकूड ते लाकूड. लग्न झालं की विकून टाक अन् चाकणात ये. इथं कांदा निवडायला बायका मिळत नाहीत.

आक्काबाई

ता. क. मामी, मी शालन माझ्या मनानं लिहिते. सासूबाई फळकूट म्हणतात, पण तुमचं पत्र आलं की पहिलं विचारतात, "नावेचं काय लिहिलंय?" पोरीचं नंतर.

——

रावेत
ता. १२ फेब्रुवारी १९५७

वन्संना नमस्कार.

कांदा निवडायला बायका मिळत नाहीत तर तुम्ही निवडा. डोळ्यातनं पाणी काढायला निमित्त मिळेल, तसं तुमच्या डोळ्यातनं कधी आलेलं कुणी बघितलं नाही.

नाव वर काढायची म्हणजे काय, हे त्या बागाईतदाराला कळत नसेल, तुम्हाला तर कळतं. तुम्ही तिच्यात रांगलात. लाकूड पाणी पिऊन फुगलेलं असतं, म्हणून फटी मिटलेल्या असतात. वर काढली की वैशाखाचं ऊन पहिल्या आठवड्यात पाणी शोषून घेतं, दुसऱ्या आठवड्यात फळी फळीला सोडते. वर ओढायला आठ बैल लागतील, अन् परत पाण्यात ढकलायला पूरच यावा लागेल. तोपर्यंत तिच्या फटीतनं मांजर जाईल. म्हणजे देवक पक्कं बसवायचं असेल तर नाव मारायची. सरळ गोष्ट आहे.

लोक म्हणतात म्हातारीचा जीव नावेत. माझा जीव नावेत नाही. जीव कुठं ठेवायचा एवढी अक्कल मला आहे. पण वस्तू चांगली ती चांगली. मधल्या फळीवर बैलांच्या खुरांनी खळगे पडलेत, इंद्रायणी त्यात हळद-मीठ ठेवते. खिळे चौकोनी, एकेक लोहारानं हातानं ठोकलेला, गंज नाही. कडेच्या फळीला मामंजींनी एक जोड लावलाय, तो बोट फिरवून शोधावा लागतो. पिंपरीत कारखान्यांचे नवे दरवाजे बघते मी. सहा महिन्यांत कुरकुरतात. ही साठ वर्षं कुरकुरली नाही, उलट हलताना गप्प असते अन् थांबली की आवाज करते. माणसांचं बरोबर उलटं.

आता दुसरी बातमी. तुमचा तो ज्योतीराम रविवारी इथं आला. निमित्त काय, तर कारखान्यातनं तेलाचा रिकामा डबा आणला, पाणी उपसायला. पोरगा वाईट नाही. नखं स्वच्छ, बोलतो कमी. इंद्रायणीकडं बघायचं नाही म्हणून नावेकडं बघत होता, अन् बघता बघता खरंच नावेकडं बघायला लागला. "आजी, ह्यो जोड कुटं हाय?" म्हणत अर्धा तास फळीवर पालथा पडला. मग उठला, फळीऐवजी भलतीकडंच पाय टाकला अन् गेला डोहात.

मला वाटलं कोळ्याचा पोर, येईल पोहत. तो बुडतोय! इंद्रायणीनं बांबू लावून ओढला.

"कोळ्याचा असून पोहता येत न्हाई?" मी विचारलं.

"आजा पाण्याला हात लावू देत न्हाई," दात वाजवत म्हणतो. "म्हणतो, आता आपण जमिनीचे."

त्या रात्री जेवताना इंद्रायणी म्हणाली, "आजी, मला न्हाई करायचं लगीन. नाव ऱ्हाऊ दे." मी म्हटलं, गप जेव. तुझ्यासाठी नाव ठेवायची की नावेसाठी तू, हे मी ठरवणार.

अजून ठरवलं नाही.

अंबूबाई

——

चाकण
ता. ५ मार्च १९५७

अंबूस आशीर्वाद.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. कांद्याचा भाव पडला होता, घरात कुणाचं तोंड बघवत नव्हतं. तोवर तुझंही दुसरं पत्र नाही.

दौलतरावांनी मुहूर्त काढला. वैशाखातला आहे. मला म्हणाले, "बाईनं काय ठरवलं?" मी म्हटलं, ठरवते. ते म्हणाले, "बाया ठरवतात तवा लई बोलत्यात. गप हायेत म्हंजे काईतरी वाईट ठरवलं असल."

काय ठरवलंस?

अन् ते खळग्यात हळद-मीठ काय ठेवता? डाव्या अंगाचा मोठा खळगा सर्ज्या बैलाचा. तो नावेत चढला की पाय आपटायचाच. त्याच्यात कुंकू ठेव.

आक्काबाई

——

रावेत
ता. २२ मार्च १९५७

वन्संना नमस्कार.

ठरवलं. पाडव्याच्या दिवशी नाव वर ओढायची. सोपानराव पाटलांनी चार जोड्या बैल देतो म्हणून सांगितलं. काठावर बाभळीचे ओंडके आडवे टाकायचे, त्यावरनं सरकवायची. मांडवासाठी काठावर जागा साफ केली. वैशाखात लग्न होईल. ज्येष्ठात नाव सरपण होईल. चांगलं साग आहे, सरपणाला लावणार नाही म्हणा. ज्याला खिडक्या-दारं करायचीत त्याला देईन. तुमच्या बापाची होती, तुम्हाला पाट-बीट करायचे असले तर कळवा.

इंद्रायणीला सांगितलं की मला रोज खाली वाकून डांबर लावायचा कंटाळा आलाय. तिचा विश्वास बसला नाही. पण तिचा विश्वास कशावरही बसत नाही, माझ्यावर गेलीय.

मुलगा चांगला आहे. आता गळ्याएवढ्या पाण्यात उभा राहतो. नाव पुन्हा मिळणार नाही, पण असा मुलगाही पुन्हा मिळणार नाही, अन् पोर मुलाबरोबर म्हातारी होणार आहे, नावेबरोबर नाही. एवढा साधा हिशेब करायला मला महिना लागला, याचीच लाज वाटते.

याच्यावर लांबलचक लिहू नका.

अंबूबाई

——

तार
चाकण, २५ मार्च

नाव ओढू नका. पत्र येते. आक्काबाई

——

चाकण
ता. २५ मार्च १९५७

अंबे,

तार केली आहे. जन्मात पहिली. शालन म्हणाली पत्रही त्याच दिवशी टाकू, तारेत शब्द मावत नाहीत.

बाई, तुझी अक्कल नदीत पडली का? तू नावाड्याच्या घरात चाळीस वर्षं काढलीस. दर चैत्रात आपला बाप काय करायचा? (तुझा सासरा, पण बाप म्हणते, तुला त्यानंच वल्हं धरायला शिकवलं.) चैत्रात नदी उतरायची, लोक चालत पलीकडं जायचे, नावेला काम नसायचं. मग बाप नाव उथळ पाण्यात घ्यायचा, घागरी भरभरून आत पाणी ओतायचा, वर दगड ठेवायचा, अन् नाव वाळूवर बसवायचा. मिरगापर्यंत. आतनं पाणी, बाहेरनं पाणी. लाकूड वाळायचं नाही. अन् मी त्या बसलेल्या नावेत सागरगोटे खेळायचे. एक गोटा कधी घरंगळला नाही!

म्हणजे नाव पाण्यातही राहते अन् हलतही नाही. बैल उभे राहायचे त्या फळ्यांखाली हातभर पोकळी आहे, पाणी तिच्यातच राहील. वर तुझी चूल, तुझी गोधडी, देवक, सगळं कोरडं. दौलतरावाला पक्कं घर पाहिजे ना? भुईला टेकलेलं घर देऊ. नाव बुडवून टाक.

मी हे आधी का सांगितलं नाही असं विचारशील. तू खरंच ओढशील असं मला वाटलं नाही. तू बोलतेस तेवढं करत नाहीस, हा माझा अनुभव. यावेळी बोलली नाहीस अन् करायला निघालीस.

आक्काबाई

ता. क. मामी, तुमचं पत्र वाचलं तेव्हा सासूबाई कांदे निवडत होत्या. पाटाचं वाक्य आलं तशा उठल्या, चप्पल न घालता पोस्टात गेल्या. पाठीमागं मी पळाले. तारमास्तर म्हणाले, कोण वारलं? सासूबाई म्हणाल्या, "अजून न्हाई, म्हणूनच घाई हाय." डोळ्यात पाणी होतं. कांद्याचं म्हणाल्या. तो ढीग निवडून झाला होता.

——

रावेत
ता. ४ एप्रिल १९५७

वन्संना नमस्कार.

आधी तारेचं. तारवाला चिंचवडहून सायकलवर आला अन् काठावर उभा राहून डोक्यावरची टोपी काढतोय. तार म्हणजे मयत, दुसरं काय असतं? बघता बघता आळीतल्या बायका जमल्या. तार इंग्रजीत. वाचणारे मास्तर शाळेत. त्यांना बोलवायला माणूस गेला तोवर इकडं सोजराबाईनं सूर लावला, "आक्काबाई गं, कांद्याच्या ढिगात गेलीस गं!" मला खरं वाटलं. मी दोन आसवं काढली, वन्सं. मास्तर आले, वाचलं, "नाव ओढू नका, पत्र येते." सगळ्या बायका माझ्याकडं अशा बघायला लागल्या की जणू मीच फसवलं. सोजराबाई तर रागावून घरी गेली, रडणं फुकट गेलं म्हणून. ती दोन आसवं तुमच्याकडं निघतात. लग्नाला याल तेव्हा परत करा.

दुसऱ्या दिवशी पत्र आलं. वाचून मी कपाळावर हात मारला. चैत्रातली नाव! कशी आठवली नाही? तुम्ही म्हणता अक्कल नदीत पडली. तसं नाही. तेव्हा ती नाव होती, तिला बुडवत होतो. आता घर आहे. स्वतःचं घर बुडवायचं कुणाच्या डोक्यात येईल? ते परक्याच्याच डोक्यात यायला पाहिजे, अन् नणंदेएवढं परकं कोण असतं.

पाडव्याला पाटलांचे बैल आले, पण काठावर ओढायला नाही, उथळात ओढायला. बांबू टेकत टेकत नाव घाटाजवळ आणली, फक्त ढोपरभर पाणी आहे तिथं. तोंड गावाकडं, दार काठाकडं. मग फळ्या उचलल्या अन् घागरी ओतायला लागलो. मी, इंद्रायणी, ज्योतीराम. गाव जमलं. "अंबूबाईला काय झालं, घरात पाणी ओततीय." मी म्हटलं, सारवतेय. दुपारपर्यंत तळ वाळूला टेकला. वर चार धोंडे. शेवटी एकदा कण्हली अन् गप्प बसली. छपराला गुढी बांधली.

मग दौलतरावांना निरोप धाडला. काल आले. काठीनं आधी नाव टोचली. मग आत आले. तांब्या मागितला, काठोकाठ भरला, फळीवर ठेवला, अन् वन्सं, त्या सत्तर वर्षांच्या माणसानं पटका काढून बाजूला ठेवला अन् दोन्ही पाय जोडून नावेत उडी मारली! एकदा. दोनदा. तांब्यातनं थेंब सांडला नाही. फक्त छपरातनं एक सरडा पडला.

"पानी तर खाली हाय," म्हणाले.

"हाय की. खेडात तुमच्या वाड्याखाली बी पानी हाय, इहीर खणा मंजे लागंल."

मिशी ओढली. मला वाटलं आता नवी अट काढणार. पण खाली वाकले अन् कडेच्या फळीवरनं बोट फिरवायला लागले. म्हणाले, "ह्यो जोड कुणी लावला?"

"माझ्या सासऱ्यानं."

"हं." मग तांब्यातलं पाणी प्यायले. म्हणाले, "बसवा देवक."

झालं. लग्नाला यायचं. चार दिवस आधी. नावेत झोपायला जागा आहे, हलणार नाही, घाबरू नका.

अंबूबाई

——

खेड
ता. १८ मे १९५७

वन्संना खेडहून अंबूबाईचा नमस्कार.

लग्न झालं ते तुम्ही बघितलंच, त्याचं पुन्हा काय लिहायचं? देवक हललं नाही. मांडव हलला, पण तो तुमच्या लेकानं कमी दोर बांधला म्हणून. वरात निघाली तशी मी पोरीची पाठराखीण म्हणून गाडीत बसले अन् नाव तुमच्या गळ्यात टाकली. त्यावर कळवायचं.

एक. देवक उठवल्यावरच पाणी उपसायला घ्यायचं. दोन. एकदम सगळं उपसायचं नाही, एका अंगाला कलंडेल. तीन. मिरगाआधी झालं पाहिजे, नाहीतर पाऊस आपल्या मनानं उचलेल. चार. चुलीजवळच्या डब्यात काजू आहेत, ते मी मोजलेले आहेत.

इथं सगळं ठीक. पोर रुळली. ज्योतीराम सोमवारी कामावर गेला, शनिवारी येतो. पिंपरीत खोली मिळाली की दोघं तिकडं जातील, म्हणजे नावेपासनं सायकलच्या अंतरावर. घर दगडी आहे, मोठं आहे, भिंत हातभर जाड. मला झोप येत नाही. सगळं एका जागी. रात्रभर वाट बघते की आता तरी जरा हलेल. दगड तो, कशाला हलतोय. काल पहाटे उठून मी पाळण्याच्या कडीला धरून उभी होते. विहीणबाईंना वाटलं मी पतवंडाची घाई करतेय.

दौलतराव घरात नाहीत. बैल बघायला म्हणून चाकणला गेले, त्याला आता कितीतरी दिवस झाले. एवढे दिवस बैल बघतात? विहीणबाई म्हणतात, "बैल हाय का हत्ती?" चाकणात कुठं दिसले तर घरी पाठवा.

मी आठवड्यात येते. नाव तोवर सांभाळा. तुमचं त्या फळकुटात मन लागत नसेल, जाणीव आहे मला.

अंबूबाई

——

रावेत
ता. २२ मे १९५७

अंबूस आशीर्वाद.

हे पत्र शालननं लिहिलेलं नाही, ती चाकणला गेली. घाटावरच्या शाळेतले मास्तर लिहून देतात. तारेच्या दिवसापासनं त्यांना आपल्या घरची सवय झालीय.

दौलतराव चाकणला नाहीत. इथं आहेत.

तुम्ही गेलात त्याच्या तिसऱ्या दिवशी आले. म्हणाले, रुखवताची परात राहिली. परात मिळाली, तरी जाईनात. आम्ही पाणी उपसत होतो, मी अन् आळीतल्या बायका. ते काठावर उभे. एका अंगाचं पाणी जास्त निघालं, नाव कलंडायला लागली, तशी ओरडले, "अगं ए बायांनो, डाव्या अंगानं काढा!" अन् धोतर खोचून उतरले पाण्यात. दुपारपर्यंत माणूस वर आला नाही. ज्योतीरामनं दिलेल्या तेलाच्या डब्यानं उपसत होते.

अन् अंबे, ती उठली. तू नव्हतीस. आधी तोंड उठलं, मग वाळूनं पाय सोडल्यासारखा आवाज झाला, अन् सबंध नाव आपल्या अंगानं हलली. मी आत होते. सर्ज्याच्या खळग्यातलं कुंकू सांडलं. दौलतरावांनी कडेला धरलं अन् म्हणाले, "भीमेवर माझ्या बाची नाव होती. अशीच उठायची." मग म्हणाले, "आमी ती मोडून गोठ्याला दारं केली." अन् पुन्हा डबा उचलला.

तेव्हापासनं देवळात झोपतात अन् दिवसभर इथं. चिंचवडहून जवसाचं तेल आणलं. फटी बघतात. तुझ्या डांबराला नावं ठेवतात. परवा मला म्हणाले, "ह्या बाईनं डांबर लई जाड लावलंय." मी म्हटलं, तिच्यासमोर म्हणा. म्हणाले, "न्हाई, तुमी कळवा."

कळवलं.

आता तुझं. येण्याची काही घाई करू नकोस. पोरीला सोबत पाहिजे. मी इथं बरी आहे. मी तोंडाकडच्या बाजूला झोपते, तिकडं वारा जास्त. पहाटे खाली पाणी लागतं त्याचा आवाज येतो, तो मी लहानपणी ऐकला होता, मग कांद्याच्या गाड्यांचाच ऐकला. लेक न्यायला आला होता. त्याला म्हटलं, मिरगापर्यंत नाव एकटी टाकता येत नाही. गेला.

काजू मी मोजलेले नाहीत.

आक्काबाई

——

खेड
ता. २६ मे १९५७

वन्सं,

चार महिने मला सांगता, फळकूट विक, चाकणला ये. अन् आता मी चार दिवस पाठ फिरवली तर माझ्याच घरात माझ्याच जागेवर झोपून मला सांगता, घाई करू नकोस!

विहीणबाईंना बैल कुठं आहे ते सांगितलं. हसून हसून त्यांना ठसका लागला. मग म्हणाल्या, "गोठ्याची दारं मी पैल्यापासनं सांगत व्हते, सोभत न्हाईत." दौलतरावांना सांगा, घरी या, तुमच्यावर कुणी रागावलेलं नाही. अन् हेही सांगा की डांबर जाड आहे म्हणून सात वर्षं नाव कोरडी आहे. पातळ लावणाऱ्यांच्या नावांची दारं झाली.

मी परवाच्या एस.टी.नं निघते. इंद्रायणीला विचारलं, राहू का अजून? म्हणाली, "आजी, तू रोज पहाटे पाळण्याची कडी हलवतीस. जा."

नाव मामंजींची, हे मला मान्य आहे. तुम्ही तिच्यात रांगलात, तेही मान्य. पण तोंडाकडची बाजू माझी. तिथं सात वर्षांत माझ्या पाठीचा खळगा पडलाय, तो तुम्हाला बसायचा नाही. तुमची गोधडी सर्ज्याच्या खळग्याकडं घाला. तिकडंही वारा येतो. घर सागवानी आहे, चारी बाजूंनी येतो.

चाकणला जायचं असेल तर मी यायच्या आत जा. नसेल जायचं तर भाकरी दोघींच्या टाका.

संध्याकाळपर्यंत पोचेन. फळी आत ओढून झोपू नका, काठावर टाकून ठेवा.

अंबूबाई